हलेल ते वगळा

बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता भूपाल मगदुमांच्या खांद्यांवर आरोग्यमंत्र्यांचं डोकं आलं.

खांदे मगदुमांचेच होते. शर्टही त्यांचाच, निळ्या चौकडीचा, वरचं बटण लेकीनं लावून दिलेलं. पण कॉलरच्या वर, जिथं गेली चौऱ्याहत्तर वर्षं मगदूम असायचे, तिथून मंत्री हसत होते. शेजारी त्यांची मुलगी पद्मजा बसली होती, इतकी लख्ख की पापणीचे केस मोजून घ्यावेत. फोटोखाली यंत्रानं छापलं होतं: 'नातेवाईक: उपस्थित. रुग्ण: आढळला नाही.'

"या खेपेला बरं आलंय," खिडकीतले नदाफ म्हणाले. "सोमवारी नुसती कॉलर आली होती."

मिरजेतल्या त्या मोठ्या इस्पितळात तीन नंबरच्या खिडकीशी 'साक्षात' नावाचं यंत्र होतं आणि नदाफ ते तीन वर्षं चालवत होते. तीन वर्षांत त्यांनी इतक्या गोष्टी बघितल्या होत्या, की आता त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं. हा त्यांचा स्वभाव नव्हता, नोकरी होती.

"नदाफभाऊ," पद्मजा म्हणाली, "माझे वडील इथं बसलेत. तुम्हाला दिसतायत ना?"

"मला दिसतायत की. मामा, चहा घेतला का सकाळी?"

"अर्धा घेतला, अर्धा सांडला," मगदूम म्हणाले. पद्मजा त्यांना अण्णा म्हणायची.

"बघा. मला दिसतायत, ऐकू पण येतायत. पण माझ्या दिसण्याला ताई किंमत नाही. साक्षात व्हायला पाहिजे."

पद्मजा चिडली की फार सभ्य बोलायची. आत्ता तिनं "धन्यवाद" म्हटलं. घरच्यांनी ते ऐकलं असतं तर भांडी आवरून ठेवली असती.

अण्णांना कंपवात होता. मान, हनुवटी, दोन्ही हात, सगळं सतत हलायचं. त्यांच्या मेंदूत बारीक तार बसवायची, तिच्यातून विजेचे हलके ठोके द्यायचे, म्हणजे थरथर आटोक्यात येते, अशी शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी ठरली होती. ती करणारे सर्जन बाहेरून यायचे. ही तारीख हुकली तर पुढची चौदा महिन्यांनी. आणि इथल्या डॉक्टरांनी पद्मजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अण्णांना आता घास गिळायला त्रास होतोय, वर्षभरानं तार बसवून उपयोग नाही. त्याआधी बुधवारी अकरापर्यंत साक्षात झालं नाही, तर ऑपरेशन थिएटरचं दारच उघडणार नव्हतं.

म्हणजे थरथर थांबायला ऑपरेशन हवं, ऑपरेशनला साक्षात हवं आणि साक्षातला थरथर थांबायला हवी. सोमवारी पद्मजानं हे कागदावर गोल काढून नदाफांना समजावलं होतं. त्यांनी तो कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "गोल सुरेख आलाय."

झोपेत कंप थांबतो. पण यंत्राला डोळे उघडे लागायचे. मंगळवारी पद्मजानं अण्णांचं डोकं दोन्ही हातांनी धरून बघितलं. यंत्रानं छापलं, 'चेहरा झाकलेला. हात: दोन. मालक: अज्ञात.'

"दिवसाला तीनच वेळा घेता येतं," नदाफ म्हणाले. "आजचे दोन राहिलेत. जरा मागं बसता काय? पेशंट येतील तसे."

पद्मजानं अण्णांची चाकाची खुर्ची मागच्या भिंतीशी नेली, त्यांच्या गुडघ्यांवरचा राखाडी पडदा नीट केला. तासगावच्या त्यांच्या फोटो स्टुडिओतला पडदा होता तो. इस्पितळाची चादर टोचते म्हणून अण्णांनी तोच आणायला लावला होता. चाळीस वर्षं त्या पडद्यापुढं अख्खं तासगाव येऊन बसलं होतं आणि अण्णांनी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली होती: हलू नका.

---

साक्षात कसं चालतं हे त्या इमारतीत सगळ्यात चांगलं पद्मजाला ठाऊक होतं. राग त्याचाच होता.

कुठल्याही भिंगाला एका वेळी एकाच अंतरावरचं नीट दिसतं. माणसाच्या उंचीवरून हे लक्षात येत नाही. पण ढालकिड्यासारखा इवलासा जीव भिंगाखाली धरला, की त्याचा डोळा रेखीव दिसतो तेव्हा पाय धुक्यात जातात आणि पाय रेखीव केले की डोळा जातो. त्यावर उपाय असा: एकच फोटो काढायचा नाही, साठ काढायचे. प्रत्येक वेळी नेम केसभर मागं सरकवायचा. मग संगणकानं प्रत्येक फोटोतला तेवढाच रेखीव भाग उचलायचा आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करायचा, शेंड्यापासून शेपटापर्यंत लख्ख. पुण्यातल्या एका कीटक-संग्रहात पद्मजानं सहा वर्षं हेच केलं. टाचणीला टोचलेले अकरा हजार किडे तिनं असे काढले.

यात एक फुकटचा फायदा होता. नाक बाराव्या फोटोत रेखीव आलं आणि कान एकतिसाव्यात, तर नाक कानाच्या किती पुढं आहे ते आपोआप कळतं. कागदावरचा चेहरा मात्र सगळाच्या सगळा एकाच फोटोत रेखीव येतो, कारण कागद सपाट असतो. म्हणजे समोर खरा माणूस आहे की माणसाचा फोटो धरलाय, हे यंत्राला फसवता येत नाही. त्या सुमारास कुठल्या कुठल्या इस्पितळांत नुसत्या फोटोंवर ऑपरेशनं झाल्याचं उघडकीला आलं होतं. काही फोटोंचं तर अपेंडिक्स दोनदा काढलं होतं. सरकारला असं यंत्र हवंच होतं. पद्मजाचे तेव्हाचे साहेब, डॉ. निमकर, यांनी संग्रहातली प्रणाली उचलली, किड्याच्या जागी माणूस बसवला आणि नाव ठेवलं साक्षात.

त्या प्रणालीत पद्मजाचा एक नियम होता, क्रमांक चार. एका दुपारी एसीच्या वाऱ्यानं एका गांधीलमाशीची मिशी हलत राहिली. साठ फोटोंत मिशी साठ ठिकाणी. मिळून जो फोटो झाला त्यात माशीला आठ मिश्या होत्या आणि निमकर नवी जात सापडली म्हणून पेढे आणायला निघाले होते. त्यांना जिन्यावर गाठून पद्मजानं परत आणलं आणि पाच मिनिटांत नियम लिहिला: फोटो एकमेकांवर बसवल्यावर जे जागेवर सापडत नाही, ते वगळा. त्या जागी मागचं जे स्थिर असेल ते घ्या. मेलेल्या किड्याच्या बाबतीत हे रास्तच आहे. मेलेला किडा हलत नाही. जे हलतं ते धूळ असते, नाहीतर वारा.

तिनं निमकरांना फोन लावला.

"अगं पद्मजा, किती दिवसांनी," निमकर म्हणाले. "कशी आहेस?"

"मी उपस्थित आहे सर. वडील आढळत नाहीयेत."

तिनं सगळं सांगितलं.

"हे बघ, आपली अचूकता नव्व्याण्णव पूर्णांक चार आहे."

"उरलेले कोण आहेत सर?"

"म्हणजे?"

"शून्य पूर्णांक सहा टक्के. ती माणसं कोण आहेत, हे कुणी बघितलं का?"

"तो नॉइज असतो गं. तुला माहितीये. तूच तर नियम लिहिलास."

"मी तो किड्यांसाठी लिहिला होता."

"नियमाला काय कळतंय पुढ्यात कोण आहे ते," निमकर म्हणाले आणि आपण फार समजुतीचं बोललो असं वाटून थोडे हसले. "तू एक अर्ज टाक. सहा आठवड्यांत समिती बसते."

"फार आभारी आहे सर," पद्मजा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि पर्स भिंतीवर एकदा आपटली. एकदाच, बेतानं.

---

दहाच्या सुमाराला एक स्ट्रेचर आलं. वर एक वयस्क गृहस्थ, डोळे उघडे, छताकडं बघणारे. सोबत त्यांचा पुतण्या, बाळगोंडा नावाचा, ऊसतोडीच्या मशीनवर काम करणारा थोराड गडी. चुलत्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. स्ट्रेचरची पाठ उचलून त्यांना भिंतीवरच्या पोस्टरापुढं बसतं केलं, शेजारी बाळगोंडा उभा राहिला. पोस्टरात मंत्री होते, योजना होती आणि ठळक लाल अक्षरं होती. यंत्रानं तीन सेकंदांत साठ वेळा टिकटिक केली.

हिरवा दिवा लागला. 'रुग्ण: उपस्थित. नातेवाईक: उपस्थित. स्पष्टता: शंभरपैकी शंभर.'

नदाफ खुर्चीतून थोडे उठले. "तीन वर्षांत पहिला शंभर. बघा मामा, याला म्हणायचं बसणं."

अण्णा त्या गृहस्थांकडं मघापासून बघत होते. "नदाफ," ते म्हणाले, "त्यांना एकदा हात लावून बघा."

"का हो?"

"लावा की."

नदाफांनी हात लावला आणि तसाच मागं घेतला. मग नर्स आली, मग डॉक्टर. लिफ्टमध्येच कधीतरी ते गेले होते. हातातल्या शंभर मार्कांच्या कागदाची बाळगोंडानं आधी दोन, मग चार घड्या केल्या.

"तुम्हाला कसं कळलं अण्णा?" पद्मजानं हळूच विचारलं.

"गावात कुणी गेलं की शेवटचा फोटो काढायला मलाच बोलवायचे. भिंतीला टेकवून बसवायचे, हार घालायचा. चाळीस वर्षांत एवढंच गिऱ्हाईक नीट बसलं माझ्यापुढं." त्यांची हनुवटी हलत होती, शब्द हिसके खात येत होते. "जितं माणूस एवढं सुरेख येत नसतंय गं."

वीस मिनिटांनी बाळगोंडा खिडकीशी परत आला. चुलत्याला घेऊन जायला मृत्यूचा कागद हवा होता आणि तो निघत नव्हता. संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे चुलते उपस्थित होते.

"कधीपर्यंत उपस्थित?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारपर्यंत," नदाफ म्हणाले. "साक्षात अठ्ठेचाळीस तास चालतं." हे बोलताना त्यांनी मान खाली घातली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कशाचं तरी वाटलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

शंभरपैकी शंभर, आणि अण्णांना भोपळा, पद्मजाच्या मनात आलं. यंत्र चुकलं नव्हतं. तिनं जे सांगितलं होतं, तेच ते करत होतं. अकरा हजार किडे तिनं टाचणीला टोचून बघितले आणि जगात नीट दिसायचं तर मेलेलं असावं लागतं असा कायदा करून ठेवला. आता त्या कायद्यापुढं सगळी मिरज रांगेत बसली होती, श्वास धरून.

"तो माझा फोटो बघू," अण्णा म्हणाले.

तिनं मंत्र्यांचं डोकं असलेला कागद त्यांच्यापुढं धरला, कारण त्यांच्या हातात तो राहिला नसता. अण्णांनी तो गिऱ्हाइकाचा नव्हे, दुसऱ्या फोटोग्राफरचा फोटो बघतात तसा बघितला, म्हणजे तुच्छतेनं.

"गिऱ्हाईक सोडून मागची भिंत शार्प," ते म्हणाले. "असला फोटो आम्ही पैशे न घेता परत करायचो. हे यंत्र बघतंय कुणाकडं पद्मे? माझ्याकडं का त्या मंत्र्याकडं?"

पद्मजानं कागद आपल्याकडं वळवला आणि पुन्हा बघितला.

साठ फोटो एकावर एक बसवायचे तर आधी कुठंतरी खिळा मारावा लागतो. चित्रात जे सगळ्यात ठळक असेल आणि जागचं हलत नसेल, त्यावर यंत्र खिळा मारतं आणि मग बाकीचं हललं की नाही ते त्या खिळ्यावरून ठरवतं. संग्रहात तो खिळा म्हणजे टाचणीचं डोकं असायचं. इथं पोस्टर होतं. लाल अक्षरं, पांढरे दात. यंत्र मंत्र्यांना धरून बसलं होतं आणि मंत्र्यांच्या मानानं अण्णा हलत होते.

एकेका फोटोत अण्णा हललेले दिसत नव्हतेच. टिकटिक सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याची, तेवढ्यात माणूस कितीसा हलणार? साठच्या साठ फोटोंत ते होते, फक्त दर वेळी थोडे इकडं, थोडे तिकडं. मागं धरायला दुसरं काही नसतंच, तर यंत्राला त्यांनाच धरावं लागलं असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचा पडदा द्या."

---

"पोस्टर झाकता येणार नाही," नदाफ म्हणाले. "परिपत्रक आहे. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे."

"कुणाचा?"

नदाफांनी भिंतीकडं बघितलं, खुर्चीतल्या अण्णांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. दहा पन्नास. मग ते खिडकीचं दार उघडून पहिल्यांदाच बाहेर आले. बाहेर आल्यावर ते वाटत होते त्यापेक्षा बुटके निघाले.

"एक टोक मी धरतो," ते म्हणाले. "दुसरं?"

बाळगोंडानं पुढं होऊन दुसरं धरलं.

"सुरकुती नको," अण्णा म्हणाले. "ओढा. डावीकडं ढिला पडलाय. नदाफ, हात वर. अजून वर. उंची तेवढीच का हो तुमची?"

"तेवढीच आहे मामा."

"मग टाचा उचला."

मंत्री पडद्याआड गेले. पद्मजा अण्णांची खुर्ची पुन्हा यंत्रापुढं आणून शेजारी ताठ बसली. यंत्रानं टिकटिक केली आणि कागद बाहेर आला.

कागदावर अण्णा होते. नाक, कपाळावरचा देवीचा व्रण, सकाळी दाढी करताना लेकीकडून राहिलेले चार पांढरे खुंट. बाजूला, जिथं पद्मजा बसली होती, तिथं नुसता राखाडी पडदा. आता यंत्राचा खिळा अण्णांवर होता आणि अण्णांच्या मानानं ती गदागदा हलत होती. 'रुग्ण: उपस्थित. नातेवाईक: आढळला नाही.'

"दोघं लागतात," नदाफ चवड्यांवर उभे राहूनच म्हणाले. "एकाच फोटोत. संमतीसाठी."

"माहितीये," पद्मजा म्हणाली. या वेळी ती सभ्य बोलली नाही. "मला माहितीये. मीच ती मूर्ख बाई, जिनं हे लिहिलं. कुणाला म्हणून दिसायचं नाही त्या दळभद्री डबड्याला, फक्त मढी दिसतात. अकराला दार बंद होणार, आणि माझ्या बापाला घास गिळता येत नाही, आणि तो निमकर म्हणतो समिती." तिचा आवाज फुटला. हात थरथरत होते, ओठ थरथरत होते. रांगेतली माणसं तिच्याकडं बघत होती आणि मोठ्यानं बोलणाऱ्याकडं बघू नये म्हणून लगेच दुसरीकडं बघत होती.

फक्त अण्णा तिच्याकडं बघत राहिले. धंद्याच्या नजरेनं.

"पद्मे," ते म्हणाले, "तू फार सरळ बसतीस. फोटोला बसल्यागत. अशी जवळ ये. डोक्याला डोकं लाव."

तिनं खुर्ची सरकवली, एक हात त्यांच्या पाठीमागून घातला, आपली कानशिलाची बाजू त्यांच्या कानशिलाला टेकवली. अण्णांचं डोकं तिच्या डोक्यावर बारीक टकटक करत राहिलं.

"आता हल."

"अण्णा."

"चाळीस वर्षं मी लोकांना हलू नका म्हणत आलो, लहान पोरांना सुद्धा. आता मी सांगतोय ना. हल की. नीट हल."

हलायला तिला काही करावं लागलं नाही. सव्वानऊपासून जे आत धरून ठेवलं होतं, ते तिनं सोडून दिलं. आधी दोन थरथरी एकमेकींवर आपटल्या, कानशिलं दुखली. मग अण्णांनी हात पुढं केला, तो तिनं घट्ट धरला, आणि हळूहळू तिची थरथर त्यांच्या थरथरीच्या तालात गेली. ते डावीकडं तर ती डावीकडं. दोघं मिळून एक माणूस झाल्यासारखं.

"घ्या," अण्णा म्हणाले.

पडदा सोडता येईना म्हणून नदाफांनी कोपरानं बटण दाबलं. यंत्रानं साठ वेळा टिकटिक केली. नंतर ते नेहमीपेक्षा बराच वेळ गप्प राहिलं.

कागदावर दोन चेहरे आले, एकमेकांना टेकलेले. दोघांचं नाक एकच होतं, हे पद्मजाला चौतीस वर्षांत पहिल्यांदाच दिसलं. खुर्चीचे हात, खिडकीची कड, नदाफांची बोटं, जे जे म्हणून जागच्या जागी स्थिर होतं ते सगळं यंत्रानं वगळलं होतं. 'रुग्ण: उपस्थित. नातेवाईक: उपस्थित. स्पष्टता: एक्कावन्न.'

"पन्नासला पास आहे," नदाफ म्हणाले आणि शिक्का मारायला आत पळाले. अकराला चार मिनिटं कमी होती.

अण्णांनी कागद बघितला. "बॅकग्राउंड प्लेन पाहिजे," ते म्हणाले. "किती जणांना सांगितलं मी."

---

अण्णांना वॉर्डात घेऊन गेले. पर्समध्ये फोन वाजत होता; चेन उघडून बघितलं तर निमकरांचं नाव. पद्मजानं चेन पुन्हा लावली. नदाफ खिडकीत बसून बाळगोंडाच्या चुलत्यांना हातानं अनुपस्थित करत होते. संगणक दर वेळी विचारत होता, खात्री आहे का, आणि ते दर वेळी हो दाबत होते.

पडदा तिनं घडी करून काखेत घेतला होता. जायचं म्हणून ती वळली, तर खिडकीपुढच्या खुर्चीत एक बाई चार महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली. बाळाच्या हृदयाला भोक होतं. उपाशी असल्यानं ते रडत होतं आणि हातपाय झाडत होतं. बाईच्या हातातल्या तीन कागदांवर तिन्ही दिवस ती एकटीच होती आणि तिच्या कुशीत तीनदा लाल अक्षरं होती.

पद्मजानं घडी मोडली.

एव्हाना कुणीतरी वर कळवलं होतं. गणवेशातला सुरक्षारक्षक जिना उतरून आला. "मॅडम, ते काढा. साहेबांचा फोटो झाकायचा नसतो."

"एक टोक धरता का?" पद्मजा त्याला म्हणाली. अंगाची थरथर अजून गेली नव्हती. जाईल असंही वाटत नव्हतं.

"मॅडम, परिपत्रक आहे."

"मग बाजूला व्हा. फोटोत येताय."

बाळगोंडानं न सांगता दुसरं टोक धरलं. मंत्र्यांचे दात आधी गेले, मग कपाळ. पडद्याच्या वरून पद्मजा त्या बाईकडं वाकली.

"त्याला गालाशी घट्ट धरा," ती म्हणाली, "आणि ते हलेल तशा हला."